पंधराशे रुपये, आधारचा ओटीपी आणि तलाकचा कागद : विधिमंडळातली कल्याण योजनांची चर्चा आपल्या घरापर्यंत कशी पोहोचते?

जुलै २०२४ मध्ये सोलापुरातल्या आमच्या उर्दू शाळेच्या ऑफिससमोर रोज सकाळी रांग लागायची. ॲडमिशनची नव्हे, शाळा सोडल्याच्या दाखल्याची. रांगेत आमच्याच जुन्या विद्यार्थिनी होत्या, कुणी वीस वर्षांपूर्वी सातवीतून शाळा सोडलेली, कुणी नातवाला कडेवर घेतलेली. ‘लाडकी बहीण’साठी अधिवास प्रमाणपत्राऐवजी शाळेचा दाखला चालेल असं सरकारनं जाहीर केलं होतं. जनरल रजिस्टर उघडलं की नवाच घोळ निघायचा. रजिस्टरमध्ये ‘शबाना बी’, आधारवर ‘शबाना’, रेशनकार्डावर ‘शबानाबेगम’, आणि तिन्हींमागे बाई एकच.

तेव्हापासून आजपर्यंत या योजनेवर विधानसभेत आणि विधान परिषदेत बरीच खडाजंगी झाली. टीव्हीवर आपण ती बघतो, पण बहुतेक वाद ‘१५०० की २१००’ या एकाच आकड्यावर अडकतो. या लेखात आम्ही सभागृहात नेमकं काय घडतं, पैसा कुठून येतो, जुन्या योजना कोणत्या आणि आपल्या समाजातल्या बायका कुठे अडकतात हे सविस्तर मांडणार आहोत. शेवटी घरात कोणते कागद असावेत याची यादीही दिली आहे.

योजना सभागृहात कशी आली?

२८ जून २०२४ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी पावसाळी अधिवेशनात राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. त्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांना दरमहा १५०० रुपये, आणि त्यासाठी वर्षाला ४६ हजार कोटींची तरतूद. त्याच दिवशी महिला व बालविकास विभागाचा शासन निर्णय, म्हणजे आपण म्हणतो तो जीआर, निघाला.

पहिल्या जीआरमध्ये वयाची मर्यादा २१ ते ६० होती. जमिनीची अटही होती. सभागृहात आणि बाहेर ओरड झाल्यावर पाच दिवसांत दुरुस्ती झाली. वय ६५ पर्यंत वाढलं, पाच एकर जमिनीची अट गेली, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. अधिवासासाठी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला चालू लागला.

आणखी एक दुरुस्ती सोलापूरसाठी फार महत्त्वाची होती. आपल्या जिल्ह्याला कर्नाटकची हद्द लागून आहे आणि विजापूर, गुलबर्गा, बिदरकडच्या मुली इकडे सून म्हणून येतात. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र जोडायची परवानगी मिळाली. चांगलं झालं. पण ‘नवऱ्याचा कागद’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले हप्ते खात्यात पडले. नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक झाली. महायुतीनं २१०० रुपयांचं आश्वासन दिलं, महाविकास आघाडीनं ३००० रुपयांचं. म्हणजे पैसे द्यावेत की नाही यावर दोन्ही बाजूंत मतभेद नव्हता, बोली फक्त रकमेची होती.

पैशाचा हिशेब : पाचवीच्या गणिताइतका सोपा

१० मार्च २०२५ रोजी २०२५-२६ चा अर्थसंकल्प आला. त्यात २१०० रुपये नव्हते. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, सरकार म्हणालं की आश्वासन पाच वर्षांसाठी आहे, योग्य वेळी बघू. मथळे यावरच झाले. पण खरी गोष्ट दुसऱ्या आकड्यात होती. योजनेची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली होती.

आता हिशेब करू. एका बाईला महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये. ४६ हजार कोटी भागिले १८ हजार केलं की सुमारे २ कोटी ५५ लाख महिला येतात. ३६ हजार कोटी भागिले १८ हजार म्हणजे बरोबर २ कोटी. म्हणजे यादी कमी होणार हे मार्चमध्येच तरतुदीवरून दिसत होतं. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं आढळलं असून त्यांचे हप्ते जूनपासून थांबवले आहेत. १४ हजारांहून जास्त पुरुषांच्या नावानं पैसे गेल्याचंही त्याच सुमारास उघड झालं. खोटे लाभार्थी वगळायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्यासोबत खरी गरजू बाई कागदाच्या चुकीमुळे बाहेर पडली, तर ती दाद कुठे मागणार?

आणि २१०० करायचे म्हटले तर? वर्षाला २५,२०० रुपये गुणिले अडीच कोटी, म्हणजे ६३ हजार कोटी. त्याच अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी अपेक्षित धरली होती. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढायचं का, हा प्रश्न तेव्हा सत्ताधाऱ्यांच्याच तोंडून आला.

जुनी योजना : संजय गांधी निराधार

‘लाडकी बहीण’च्या गाजावाजात एक जुनी योजना मागे पडली. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. आपल्यातल्या तरुण पिढीला हे ठाऊकही नसतं.

ही योजना ६५ वर्षांखालील निराधारांसाठी आहे. विधवा, तलाकशुदा, नवऱ्यानं टाकलेल्या म्हणजे सरकारी भाषेत परित्यक्ता, अनाथ मुलं, दिव्यांग, टीबी-कॅन्सरसारख्या मोठ्या आजारानं कमाई बंद झालेले, तृतीयपंथी, ३५ वर्षांवरील अविवाहित निराधार स्त्रिया असे बरेच गट त्यात येतात. ६५ पूर्ण झाल्यावर ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ लागू होते. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत होतो.

रक्कम कशी वाढली ते बघा. बरीच वर्षं महिन्याला ६०० रुपये होती, २०१९ मध्ये १००० झाली, जुलै २०२३ पासून १५०० झाली. दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ती २५०० करण्यात आली. पण उत्पन्नाची मर्यादा मात्र वर्षाला २१ हजार रुपये. महिन्याला १७५०, दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. नाहीतर दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवं.

‘लाडकी बहीण’ची मर्यादा अडीच लाख, निराधारची २१ हजार, जवळजवळ बारा पट फरक. आणि दोन्हींची रक्कम सारखीच, १५००. शिवाय निराधारचे १५०० मिळत असतील तर ‘लाडकी बहीण’ मिळत नाही. नवरा कमावता असलेल्या बाईला जेवढे, तेवढेच दोन मुलं पदरात असलेल्या बेवा बाईला. सभागृहात जर कुठला आकडा बदलायला हवा असेल, तर आमच्या मते आधी हा २१ हजारांचा.

केंद्राची अवस्था याहून वेगळी नाही. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे. त्यात ४० ते ७९ वयाच्या गरीब विधवेसाठी केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी २०० रुपये. दहा वर्षांहून जास्त काळ हे आकडे हललेले नाहीत. संसदेच्या ग्रामविकास विषयक स्थायी समितीनं रक्कम वाढवा असं वारंवार सुचवूनही. राज्यं आपला वाटा घालतात म्हणून हाती काही तरी पडतं. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एकदाच २० हजार रुपये मिळतात. पण अर्जच कमी होतात, कारण माहितीच नसते.

ई-केवायसी आणि तलाकचा कागद

१८ सप्टेंबर २०२५ रोजी ‘लाडकी बहीण’साठी ई-केवायसी सक्तीची झाली. आधी दोन महिन्यांची मुदत, नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवलेली. यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागतो आणि त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. कुटुंबाचं उत्पन्न तपासण्यासाठी हे केलं, असं सरकारचं म्हणणं. नवरा किंवा वडील हयात नसतील, किंवा घटस्फोट झाला असेल, तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय नंतर करण्यात आली.

इथे आपल्या बायका अडकतात. आमच्या शाळेतल्या एका मुलीची अम्मी विड्या वळते. नवऱ्यानं चार वर्षांपूर्वी एका दमात तीनदा तलाक म्हटलं आणि दुसऱ्या गावी निघून गेला. वडील वारलेले. तिच्याकडे निकाहनामाही नाही. सेंटरवाल्यानं विचारलं, “नवऱ्याचा ओटीपी कुठाय?” ती म्हणाली, “नवराच नाही, तर ओटीपी कुठून आणू?” मग घटस्फोटाचा कागद मागितला. तोही नाही. ती मुलीला घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, “सर, मी काय आहे ते तरी सांगा. बेवा नाही, तलाकशुदा नाही, शादीशुदा पण नाही.”

हा प्रश्न तिच्या अज्ञानाचा नाही. कायद्यानं बघितलं तर २०१९ च्या ‘मुस्लिम महिला (विवाह हक्क संरक्षण)’ कायद्यानुसार एका दमातला तीन तलाक रद्दबातल आहे. म्हणजे तलाक झालाच नाही, ती अजून त्याची बायको आहे. मग घटस्फोटाचा दाखला तिला कोण देणार? संसदेनं तिला संरक्षण दिलं, पण राज्याच्या पोर्टलवर तिला जागा नाही. तिची खरी जागा निराधार योजनेतल्या ‘परित्यक्ता’ या गटात आहे. ‘लाडकी बहीण’च्या पात्रतेतही परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया पहिल्यापासून आहेत. जीआरमध्ये ती आहे, पण ई-केवायसीच्या फॉर्ममध्ये नाही.

दुसऱ्या गटात खुला किंवा रीतसर तलाक झालेल्या बायका येतात. त्यांच्याकडे काझीसाहेबांच्या सहीचा खुलानामा किंवा तलाकनामा असतो. शरीयतप्रमाणे तो पुरेसा असतो, पण ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणणाऱ्या कारकुनासमोर तो कमी पडतो. यावर मार्ग आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ नुसार आपली वैवाहिक स्थिती काय आहे हे कोर्टाकडून घोषित करून घेता येतं. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं खर्च देत नसेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं बाई स्वतः कोर्टातून निकाह तोडून मागू शकते. पोटगीसाठीही दार बंद नाही. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. नव्या संहितेत ते कलम १४४ झालं आहे.

पण १५०० रुपयांसाठी कोर्टाच्या फेऱ्या, वकिलाची फी आणि बुडणारी रोजी, हे तिनं का सोसावं? पोर्टलवर ‘परित्यक्ता’ हा एक रकाना आणि अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा नगरसेवकाचा पंचनामा एवढ्यानं हे सुटू शकतं. आणि हा प्रश्न फक्त मुस्लिम बायकांचाही नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई प्रत्येक जातीत, प्रत्येक गल्लीत आहे.

कायदा आणि जीआर : फरक कुठे पडतो?

‘सभागृहात योजना मंजूर झाली’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात सभागृह मंजूर करतं ते पैसे. अर्थसंकल्प, विभागाच्या मागण्या, पुरवणी मागण्या आणि शेवटी विनियोजन विधेयक. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी मांडू शकतात, कपात सूचना देऊ शकतात. पण कोण पात्र, कोण अपात्र, कोणता कागद लागणार, ई-केवायसी कधी करायची, यावर मतदान होत नाही. ते जीआरनं ठरतं आणि दुसऱ्या जीआरनं बदलतं. जून-जुलै २०२४ मध्ये पाच दिवसांत अटी सैल झाल्या त्या याच सोयीमुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या आवळल्या गेल्या त्याही याच सोयीमुळे.

ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेविरुद्धची एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली. हा धोरणाचा आणि अर्थसंकल्पाचा विषय आहे, असा न्यायालयाचा सूर होता. योजना टिकली याचा आनंद आहे. पण धोरण म्हणून दिलेली गोष्ट धोरण म्हणून बंदही होऊ शकते, हे विसरून चालणार नाही.

याच महाराष्ट्रानं वेगळा रस्ताही दाखवला होता. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात लोकांनी खडी फोडली, हे आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकलं आहे. त्या काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हे कायद्यात लिहिलं. पैशासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. २००५ मध्ये देशभर जो रोजगार हमी कायदा झाला, त्यामागे हाच अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राला तो बदलायचा होता तेव्हा संसदेत विधेयक आणावं लागलं, दोन्ही सभागृहांत उघड वाद झाला. जीआर बदलायला एवढं काही लागत नाही.

कायदा म्हणजे कायमची हमी, असंही आम्ही म्हणत नाही. सोलापुरातल्या विडी कामगार बायकांनी याचा अनुभव घेतला आहे. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने, घरांना मदत, मुलांना स्कॉलरशिप मिळत गेली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. आता ही कामं अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर चालतात. आमच्या वर्गातल्या विडी कामगारांच्या मुलांना ती स्कॉलरशिप अजूनही मिळते, पण स्वतःच्या हक्काचा निधी आणि दरवर्षीची तरतूद यांत फरक असतो. याच शहरात विडी कामगारांनी संघटित होऊन कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं मिळवली, हेही खरं आहे. मागणी एकट्यानं केली तर अर्ज होतो, मिळून केली तर धोरण बदलतं.

घरात कोणते कागद असावेत?

१. निकाहची नोंदणी. निकाहनाम्याची प्रत जपाच, पण महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाह नोंदणी बंधनकारक आहे. महापालिकेत नोंदणी करून दाखला घ्या.

२. मृत्यूची नोंद. २१ दिवसांत नोंद केली तर अडचण येत नाही. दफनविधीच्या धावपळीत हे राहून जातं आणि वर्षांनंतर बेवा बाईला खेटे घालावे लागतात.

३. तलाक किंवा खुला झाला असेल तर तारीख, साक्षीदार, सह्या यांसह लेखी कागद. तोंडी बोलण्यावर सोडू नका. जमातच्या आणि मशिदीच्या जबाबदार मंडळींनी यात लक्ष घालावं.

४. नावाचं एकच स्पेलिंग. मुलीला पहिलीत घालताना जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर यांतलं नाव जुळतं का ते बघा. ‘बी’, ‘बानो’, ‘बेगम’ लावायचं असेल तर सगळीकडे लावा.

५. आधारला स्वतःचा मोबाईल नंबर. भावाचा, दिराचा, शेजाऱ्याचा नको.

६. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात मुदत आणि अपील दोन्ही आहेत. माहिती अधिकारही वापरा.

७. वडील नसलेल्या किंवा एकट्या पालकाच्या मुलांसाठी ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे. एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, म्हणजे ‘लाडकी बहीण’पेक्षा जास्त. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करा. मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर ‘लेक लाडकी’खाली टप्प्याटप्प्यानं १८ वर्षांपर्यंत १ लाख १ हजार रुपये मिळतात.

आमदारांना काय विचारावं?

सोलापूर जिल्ह्यातून विधानसभेवर ११ आमदार जातात. वर्षात तीन अधिवेशनं होतात, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. आपण निवेदन देतो ते बहुतेक ‘२१०० द्या’ एवढंच. आमची सूचना अशी की पुढच्या निवेदनात तीन प्रश्न लिहा. निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा कधी वाढणार? ई-केवायसीमध्ये परित्यक्ता बाईसाठी रकाना कधी येणार? आणि यादीतून नाव कापण्याआधी बाईला नोटीस आणि अपील देणारा कायदा सरकार करणार का?

ती अम्मी परवा पुन्हा भेटली. तहसीलला निराधारचा अर्ज देऊन आली होती. आम्ही शाळेच्या वतीनं मुलीचा बोनाफाईड दिला आणि बालसंगोपनचा अर्ज भरून दिला. फॉर्ममध्ये ‘वैवाहिक स्थिती’ असा रकाना होता. या वेळी तिनं विचारलं नाही, स्वतःच सांगितलं, “परित्यक्ता लिहा, सर.” अर्जाची पोच तिनं पदरात बांधून ठेवली आहे.